आत्याची निळी फुलं

नमस्कार श्रोतेहो.

तलवारी, जादू आणि ड्रॅगन असलेला एखादा व्हिडिओ गेम सुरू केला की बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न येतो: तुम्ही कोण? योद्धा, जादूगार की चोर? एक निवडायचा आणि शेवटपर्यंत तोच राहायचं. या निवडीला क्लास म्हणतात. काही गेम मात्र हा प्रश्न विचारतच नाहीत. म्हणजे एकीकडे आधी कोण ते ठरवा, मग खेळा. दुसरीकडे आधी खेळा, खेळता खेळता कोणीतरी व्हा. आज याच दोन पद्धतींबद्दल बोलणार आहे.

क्लासची पद्धत जुनी. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. तो कॉम्प्युटरवरचा खेळ नव्हता. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि जखमा बऱ्या करणारा क्लेरिक. चोर पुढच्या वर्षी आला. चारजण खेळायला बसले की प्रत्येकाला स्वतःचं काम हवं, दुसऱ्याची गरज लागायला हवी, म्हणून ही वाटणी. तीच पुढे कॉम्प्युटरवर आली. 2000 सालच्या ‘डायब्लो टू’मध्ये पाच क्लास होते, आणि एकदा स्किलवर, म्हणजे एखाद्या कौशल्यावर, खर्च केलेले पॉइंट परत मिळत नसत. ती सोय 2010 मध्ये झाली. तोवर दहा वर्षं लोक चुकलेलं कॅरेक्टर, म्हणजे खेळातलं आपलं पात्र, टाकून पहिल्यापासून सुरुवात करत होते.

आता आत्याची गोष्ट सांगतो. क्लास म्हटलं की मला तीच आठवते.

2012 ची दिवाळी. माझी आत्या गुहागरहून आमच्याकडे आली होती. अंगणात पाय घसरून घोट्याला प्लास्टर लागलेलं, त्यामुळे सहा आठवडे मुक्काम. मी तेव्हा ‘स्कायरिम’ खेळत होतो. हा गेम आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात आलेला. गेमच्या डब्यात त्यातल्या प्रदेशाचा एक मोठा नकाशा होता, तो मी भिंतीला लावला होता. जाता जाता सांगतो, डब्यातले नकाशे गेले हे मला अजिबात आवडलेलं नाही. बोट ठेवून वाट शोधायचा नकाशा स्क्रीनवरच्या नकाशाने भरून निघत नाही.

तर आत्या शेजारी बसून बघायची. एका दुपारी म्हणाली, “अरे, ती निळी फुलं कसली? तू नुसता पळतोस, एक तोडून तरी बघ.” मी तिच्यासाठी नवं कॅरेक्टर काढलं, ब्रेटन जमातीतली बाई. सुरुवातीची पळापळ मीच खेळून दिली आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. चालायचं कसं ते दाखवलं. ई दाबलं की फूल हातात, हेही दाखवलं. तिला तेवढं पुरलं.

गेममधल्या व्हाइटरन शहराबाहेर गव्हाची शेतं आहेत, माळावर निळी फुलं आहेत. ती गोळा करत फिरायची. या गेममध्ये एखादी वनस्पती खाल्ली की तिचा एक गुण कळतो. मी सांगायच्या आधीच तिनं विचारलं, “चाखल्याशिवाय कळणार कसं?” आयुष्यभर अडुळसा, गवती चहा, गुळवेल ओळखत आलेली बाई. गहू आणि निळं फूल एकत्र केलं की जखम भरून काढणारं औषध तयार होतं, हे तिनं स्वतः शोधलं. त्या दिवशी चहा गार झाला तरी उठली नाही.

आणि श्रोतेहो, तिची लेव्हल वाढू लागली. तलवार उपसली नाही, कुणाला मारलं नाही. औषधं करत गेली तसं औषधांचं स्किल वाढलं, आणि स्किल वाढलं म्हणून लेव्हल वाढली. स्कायरिममध्ये क्लास नाहीत, अठरा स्किल आहेत. जे वापराल ते वाढतं. तिचं औषधांचं स्किल 70 वर गेलं तेव्हा तिनं एक पर्क, म्हणजे जादा गुण, घेतला, ज्याने प्रत्येक झाडापासून दुप्पट माल मिळतो. त्या संध्याकाळी आईला हाक मारून दाखवलं तिनं.

मग बाराव्या लेव्हलला माळावर सेबर कॅट आली. लांब सुळ्यांचं वाघासारखं जनावर. दोन पंज्यांत आत्याचं कॅरेक्टर गार. कारण लेव्हल वाढते तसे शत्रूही बळावतात, आणि आत्याचं बळ सगळं उखळात. आत्या गप्प बसली. मग म्हणाली, “हिच्याबरोबर कुणीतरी हवं होतं रे.”

क्लास का असतात, ते मला त्या दिवशी कळलं. एकानं औषध करायचं, दुसऱ्यानं पुढे उभं राहायचं. क्लास म्हणजे सोबत. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये मोकळीक गोड लागते, चौघांत वाटणी लागतेच.

तरी माझं मन बिनक्लासच्या बाजूनंच आहे. मोकळीकीचा दोषही माहीत आहे: स्कायरिम खेळणारे कितीतरी जण शेवटी लपून बाण मारणारेच होतात, कारण ते सोपं पडतं. यावर मला पटलेला तोडगा जुनाच आहे, 1997 च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’चा. तिथेही क्लास नव्हते. एका स्किलला जास्तीत जास्त 100, आणि सगळी मिळून 700. म्हणजे सातच गोष्टींत पारंगत व्हायचं. आठवी शिकायची तर आधीची एखादी विसरायची. हवं ते व्हा, पण सगळंच होता येणार नाही. नवे गेम करणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा उचलावा, असं मला मनापासून वाटतं.

आत्यानं पुढे एक भाडोत्री योद्धा सोबतीला ठेवला, औषधं विकून मिळालेल्या पैशांतून. 500 मोहरा मोजल्या. तिचा सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, अजून माझ्याकडे आहे. औषधांचं स्किल 100. दोन हातांनी पेलायच्या शस्त्रांचं 15, म्हणजे सुरुवातीला होतं तेवढंच.

नमस्कार.