कधी संपणार?

(काळा पडदा. लाकडी फळ्यांवर पावलांचा आवाज.)

"कधी संपणार?"
"संपेल तेव्हा!"

१९६५ सालच्या 'द अ‍ॅगनी अँड द एक्स्टसी' या चित्रपटात हा सवाल-जवाब पुन्हा पुन्हा कानावर येतो. खाली पोप ज्युलियस दुसरा, म्हणजे रेक्स हॅरिसन. वर परांचीवर, व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचं छत रंगवताना रंगाने माखलेला शिल्पकार मायकलअँजेलो, म्हणजे चार्ल्टन हेस्टन. एकाला घाई, दुसऱ्याला हट्ट.

ही खडाजंगी काही पटकथेत जन्मली नाही. १५५३ मध्ये शिष्य कोंदिवीने मायकलअँजेलोचं चरित्र लिहिलं, तेही गुरू हयात असताना. त्यात पोप हेच विचारतो, उत्तर येतं, "जमेल तेव्हा." पोपच्या हातातली काठी थेट पाठीवर! मायकलअँजेलो घरी जाऊन फ्लॉरेन्सला निघायची तयारी करू लागला, तेवढ्यात पोपचा माणूस पाचशे डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, आणि माफी घेऊन दारात हजर.

(सिस्टीन चॅपेलचं छत. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

मुळात या माणसाला छत रंगवायचंच नव्हतं. १५०५ मध्ये पोपने त्याला रोमला बोलावलं ते स्वतःची कबर घडवायला. चाळीसेक पुतळ्यांचा बेत होता. संगमरवर निवडण्यात त्याने इटलीतल्या कॅरारा गावच्या खाणीत आठ महिने घालवले. आणि मग पोपचं मन फिरलं. पैसे मागायला गेलेल्या शिल्पकाराला दारातूनच परत पाठवलं. तो चिडून रोम सोडून गेला. समेट झाला, पण १५०८ मध्ये हातात छिन्नीऐवजी कुंचला आला.

फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं काम. सकाळी दिवसभरात रंगवून होईल तेवढाच चुना लिंपायचा, तो वाळायच्या आत रंग भरायचा. चुकलं तर खरवडून काढा. सुरुवातीलाच 'प्रलया'च्या चित्रावर बुरशी धरली. मायकलअँजेलो पोपकडे गेला, म्हणाला, हे माझं काम नव्हे, मी सांगितलं होतं. पोपने वास्तुकार सांगाल्लोला पाठवलं. गिलाव्यात पाणी जास्त झालंय, एवढंच निघालं. सबब गेली, काम चालू.

चित्रपटात हेस्टन पाठीवर पडून रंगवताना दिसतो. दिसायला झकास, पण तसं नव्हतं.

(एक जुना कागद. एका बाजूला कविता, समासात रेखाटन.)

फ्लॉरेन्समधला हा कागद बघा. समासात खुद्द मायकलअँजेलोने काढलेला माणूस उभा आहे. मान मागे मोडलेली, हात वर छताकडे उचललेला. शेजारच्या कवितेत तो म्हणतो, गळ्याला गलगंड आलाय, दाढी आभाळाकडे, कुंचल्यातून ठिबकून चेहऱ्याची रंगीत फरशी झालीय. आणि शेवटी: मी चित्रकार नाहीच.

असं म्हणणाऱ्याने तीनशेच्या वर आकृत्या रंगवल्या. ऑक्टोबर १५१२ च्या शेवटच्या दिवशी छत खुलं झालं. चार महिन्यांत पोप गेला.

आणि कबर? ती १५४५ मध्ये उभी राहिली. चाळीस वर्षांनी, मूळ बेताच्या मानाने बरीच लहान.

(सान पिएत्रो इन विंकोली चर्च. त्या कबरीवरचा, बायबलमधल्या मोझेसचा पुतळा, बोटं दाढीत अडकलेली.)

मोझेस आजही इथे बसलाय. पोप मात्र पुरलाय सेंट पीटर्समध्ये.