कोणाला बीजगणित, कोणाला सुतारकाम : ईस्ट लॉस एंजेलिसच्या एका शाळेची गोष्ट

१९८८ साली अमेरिकेत ‘स्टँड अँड डिलिव्हर’ नावाचा चित्रपट आला. तुमच्यातल्या काहींनी तो पाहिला असेल. टोपी घालणारा, विनोद करत शिकवणारा गणिताचा मास्तर गरीब वस्तीतल्या शाळेत येतो आणि अपूर्णांकांपाशी अडखळणाऱ्या पोरांना बघता बघता कॅल्क्युलसपर्यंत, म्हणजे महाविद्यालयाच्या पातळीच्या गणितापर्यंत, नेऊन पोहोचवतो. मास्तर खरा होता, त्याचं नाव हायमे एस्कलांते. शाळाही खरी, ईस्ट लॉस एंजेलिसमधलं गारफील्ड हायस्कूल. वेग तेवढा खोटा. मला आज त्या वेगाबद्दल बोलायचं आहे, पण त्यासाठी एस्कलांते शाळेत येण्याच्या सहा वर्षं आधीपासून सुरुवात करावी लागेल.

त्याआधी तिथला वर्ग डोळ्यांसमोर आणू. आपल्याकडे मुलं एका खोलीत बसून राहतात, घंटा झाली की शिक्षक बदलतात. अमेरिकन हायस्कुलात उलटं. खोली शिक्षकाची. घंटा झाली की शाळेतली हजारो मुलं एकदम व्हरांड्यांत येतात, कपाटं उघडतात, धडाधड बंद करतात आणि पुढच्या शिक्षकाच्या खोलीत जातात. त्यामुळे दोन मुलं एकाच शाळेत, एकाच इयत्तेत असून दिवसभरात एकदाही एका वर्गात बसत नाहीत, असं होऊ शकतं. एकाच्या वेळापत्रकात बीजगणित आणि रसायनशास्त्र, दुसऱ्याच्या वेळापत्रकात सुतारकाम आणि मोटारदुरुस्ती. आणि हे वेळापत्रक ठरवण्यात समुपदेशकाचा, म्हणजे तिथल्या काउन्सेलरचा, शब्द मोठा असे.

१९६०च्या दशकात ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांमध्ये बहुसंख्य मुलं मेक्सिकन वंशाची होती. शिक्षक आणि समुपदेशक बहुतेक गोरे. मुलाचं आडनाव स्पॅनिश दिसलं की त्याला वर्कशॉपकडे आणि मुलीला टायपिंग किंवा गृहशास्त्राकडे वळवायचं, ही जणू रीतच. यात प्रत्येक वेळी दुष्टपणा असायचा असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा त्यांना ते मुलांच्या भल्याचंच वाटत असणार, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना मारही बसत असे. दुपारच्या सुट्टीत स्वच्छतागृहांना कुलूप असे. पदवी न घेताच शाळा सोडणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं होतं.

मार्च १९६८मध्ये ही मुलं वर्गांतून उठून रस्त्यावर आली. सुरुवात विल्सन हायस्कूलमध्ये झाली. तिथल्या मुख्याध्यापकांनी मुलांचं एक नाटक ऐन वेळी रद्द केलं, तेवढं निमित्त पुरलं. मग गारफील्ड, रुझवेल्ट, लिंकन, बेलमाँट. आठवडाभरात हजारो मुलं बाहेर पडली. त्यांच्या मागण्या पाहा : द्विभाषिक शिक्षण हवं, अभ्यासक्रमात मेक्सिकन-अमेरिकन इतिहास हवा, आपल्या समाजातले शिक्षक आणि मुख्याध्यापक हवेत, मारझोड बंद करा, स्वच्छतागृहं उघडी ठेवा. मुलांनी एक हिशेबही नेमका ओळखला होता. शाळांचं सरकारी अनुदान रोजच्या हजेरीवर अवलंबून असे. मुलं वर्गात नसली की पैसा बुडतो. घोषणा कानाआड करता येतात, अनुदानाचं तसं नाही.

या मुलांच्या पाठीशी एक शिक्षक उभा होता, लिंकन हायस्कूलमध्ये सामाजिक शास्त्रं शिकवणारा साल कॅस्ट्रो. त्याला आणि आणखी बारा जणांना कट रचल्याच्या आरोपाखाली अटक झाली. अधिकाऱ्यांनी त्याला वर्गात परत येऊ दिलं नाही, तेव्हा पालक आणि विद्यार्थ्यांनी शिक्षण मंडळाच्या कार्यालयात दिवसरात्र ठिय्या दिला आणि त्याला परत घ्यायला लावलं. पुढे आरोपही टिकले नाहीत. आपल्या पोरांच्या मास्तरसाठी पालकांनी सरकारी कचेरीत मुक्काम ठोकावा, असं किती शिक्षकांच्या नशिबी येतं?

आता १९७४. एस्कलांते गारफील्डमध्ये रुजू झाले तेव्हा चाळिशी ओलांडलेले. जन्म बोलिव्हियातल्या ला पाझचा, आईवडील दोघेही शिक्षक, आणि स्वतः तिथे भौतिकशास्त्र व गणित शिकवून नाव कमावलेले. अमेरिकेत आल्यावर ती पदवी चालेना. उपाहारगृहात फरशी पुसली, इंग्रजी शिकले, रात्रीच्या वर्गांना बसून पुन्हा पदवी घेतली, इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत बरी नोकरी मिळवली आणि ती सोडून कमी पगारावर शाळेत आले. संगणक शिकवायचा या आशेने आलेल्या माणसाच्या हाती अगदी प्राथमिक गणिताचे वर्ग पडले. ते इतके हिरमुसले की जुन्या कंपनीला फोन करून परत घ्याल का, असं विचारून बसले. बीजगणित शिकायला तयार असलेली मोजकी मुलं सापडली, म्हणून राहिले.

खोलीत बास्केटबॉलची पोस्टरं, गणितातल्या चुकांना खेळातली नावं, येईल त्याला टोपणनाव. हे सगळं चित्रपटात आहे आणि ते लोभस आहेच. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती शाळेतल्या वरिष्ठांची त्यांच्याबद्दलची तक्रार. हा माणूस सकाळी फार लवकर येतो, संध्याकाळी फार उशिरा जातो, आणि परीक्षेच्या फीसाठी मुलांकरवी परवानगी न घेता पैसे गोळा करतो! यावरून नोकरी जाण्यापर्यंत वेळ आली होती. (हसू नका, आपल्याकडच्या मस्टरची गोष्ट काढली तर संध्याकाळ पुरणार नाही.)

कॅल्क्युलसचा पहिला वर्ग सुरू झाला १९७८मध्ये. म्हणजे रुजू झाल्यानंतर चार वर्षांनी. परीक्षेला बसली ती पाच मुलं. ही परीक्षा म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पातळीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात देशभर एकच पेपर द्यायचा. गुण एक ते पाच, तीन मिळाले की उत्तीर्ण, आणि पुष्कळ विद्यापीठं तेवढा विषय माफ करतात. १९८२मध्ये गारफील्डची अठरा मुलं बसली आणि अठराच्या अठरा उत्तीर्ण झाली.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. परीक्षा घेणाऱ्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ला उत्तरपत्रिकांमध्ये सारख्या चुका दिसल्या. चौदा जणांवर संशय घेऊन पुन्हा परीक्षा द्या म्हणून सांगण्यात आलं. वस्तीतल्या लोकांनी विचारलं, हीच उत्तरं एखाद्या श्रीमंत उपनगरातल्या शाळेतून आली असती तर? बारा जणांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत, थोड्याशा उजळणीवर, नवा पेपर दिला. बाराही उत्तीर्ण झाले. त्यांना कॅल्क्युलस येतं की नाही, एवढ्यापुरता तरी वाद तिथे मिटला.

चित्रपट जवळजवळ इथेच थांबतो आणि माझी खरी कुरकुर तीच आहे. १९८१मध्ये हेन्री ग्रादियास मुख्याध्यापक झाले. त्यांनी प्राथमिक गणिताचे वर्ग कमी केले, आणि जो मुलगा त्यात बसेल त्याने सोबत बीजगणितही घ्यायचं, असा नियम केला. गुण घसरले की खेळ आणि बाकीचे उपक्रम बंद. ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग सुरू झाले. आधीच्या इयत्तांतून तयार होऊन येणाऱ्या मुलांची एक रांगच लागली. बेन हिमेनेझसारखे सहकारी सोबत होते. अपूर्णांकांपासून कॅल्क्युलसपर्यंतचा रस्ता एकाच वर्षात कोणीच कापला नाही, एस्कलांते स्वतःही हे सांगत. आणि म्हणून १९८७मध्ये उत्तीर्णांचा आकडा पंचाऐंशीवर गेला : कॅल्क्युलसच्या दोन पेपरांपैकी साध्या पेपरात ७३ उत्तीर्ण, अवघड पेपरात १२.

हे झालं त्याच वर्षी ग्रादियास शाळेतून गेले. एस्कलांतेंच्या वर्गात पन्नासाहून अधिक मुलं बसत. शिक्षक संघटनेच्या करारानुसार मर्यादा पस्तिसाची. संघटनेची बाजू मला समजते. एकाने पन्नास घेतले की उद्या व्यवस्थापन सगळ्यांनाच पन्नास घ्यायला लावतं. पण भांडण वाढलं, त्यात प्रसिद्धीची असूयाही मिसळली. १९९०मध्ये गणित विभागाचं प्रमुखपद गेलं, १९९१मध्ये एस्कलांतेंनी गारफील्ड सोडलं आणि सॅक्रामेंटोच्या शाळेत गेले. काही वर्षांतच गारफील्डमध्ये कॅल्क्युलस उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या ढासळली. इमारत तीच, वस्ती तीच, मुलंही तशीच. बीजगणित सगळ्यांना द्यायचं असं ठरवणारा मुख्याध्यापक, ते पेलणारे शिक्षक आणि उन्हाळ्यातले वर्ग, ही जोडणी मात्र सुटली. जगाला एस्कलांतेंचा पुतळा हवा होता, ग्रादियासचं वेळापत्रक कोणाला नको होतं.

एक गोष्ट उरते. १९६८च्या मुलांची एक मुख्य मागणी काय होती, आठवा. द्विभाषिक शिक्षण. १९९८मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्रस्ताव २२७’ मतदानाला आला. मुलांना जवळजवळ सगळं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं, असा. या मोहिमेचे मानद अध्यक्ष होते हायमे एस्कलांते. स्वतः स्पॅनिश बोलत वाढलेला, त्याच वस्तीतल्या मुलांना शिकवून मोठा झालेला माणूस. त्यांच्या मते मुलांना इंग्रजीपासून दूर ठेवणं म्हणजे त्यांच्या वाटा बंद करणं होतं. तीस वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरलेल्यांचं म्हणणं होतं की मुलाची भाषा वर्गाबाहेर काढली की मूलही पाठोपाठ बाहेर जातं. मराठी शाळांच्या वादात आपण या दोन्ही बाजू रोज ऐकतो. माझा कल रस्त्यावरच्या मुलांकडे आहे, पण एस्कलांतेंसमोर उभं राहून हे बोलायची माझी हिंमत झाली नसती. प्रस्ताव तेव्हा मंजूर झाला. २०१६मध्ये, एस्कलांते जाऊन सहा वर्षं झाल्यावर, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तो फिरवला.