बूस्ट किती ठेवलाय, ताई? आधी हवेचा ताप बघा!

नमस्कार मंडळी! डिचोलीहून, घरच्या अंगणातून बोलतेय. मागे उभी आहे ती माझी ऑक्टाव्हिया आरएस, पहिल्या पिढीतली. 1.8 लिटर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल, कंपनीतून निघाली तेव्हा 150 हॉर्सपॉवर. आज हिच्याबद्दल बोलायचं कारण तुम्हीच आहात. मागच्या व्हिडिओखाली निम्म्याहून जास्त कमेंट एकच: "ताई, बूस्ट किती ठेवलाय?" बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात जादा दाबाने हवा भरतो तो दाब. कुणाला हवेच्या तापाबद्दल काही विचारायचंच नाही. म्हणून आज त्यावरच बोलणार.

टर्बो म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, मी पटकन सांगते. एक्झॉस्टच्या वाफाऱ्यावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा दाबून भरतं. फिरण्याचा वेग मिनिटाला लाखाच्या वर. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. ऑइल वेळेवर बदला, घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर सावकाश चालू द्या. झालं.

आता खरी गोष्ट. हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, तेच इथे. गणित करून बघूया. मे महिना, बाहेर 35 अंश. कंपनीने ठेवलेला बूस्ट साधारण अर्धा बार धरा (एक बार म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेएवढा दाब, वरून जादा). टर्बोतून बाहेर पडताना हवा 90 अंशांच्या आसपास जाते. तुम्ही चिप टाकून, म्हणजे इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून, बूस्ट एक बार केलात, तीच हवा 130 अंशांवर. हे टर्बो चांगला चालतोय असं धरून. थकलेला असेल तर अजून वर.

"मग काय झालं, इंजिन तसंही गरमच असतं ना?" अशी एक कमेंट आली होती. नाही भाऊ. इतकी तापलेली हवा पेट्रोलसोबत सिलिंडरात गेली, की ठिणगी पडल्यावर उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टन फुटतात ते यामुळे.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघा, म्हणजे ताकदीच्या बाजूने. डॅशबोर्डवरचा बूस्ट गेज दाब दाखवतो, हवा किती आत गेली ते दाखवत नाही. काटा एक बारवर आहे आणि हवा 130 अंशांवर, तर बाहेरच्या हवेच्या दीडपट हवा आत जातेय. काटा त्याच एक बारवर, पण इंटरकूलरने (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) हवा 60 अंशांपर्यंत उतरवली, तर 1.85 पट. गेज एक, इंजिन दोन! मला काटा दाखवून "बघा ताई, पंधरा पीएसआय" (म्हणजे साधारण एक बारच) म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं असतं: हवा किती अंशांवर आहे?

हे काही मी शोधलेलं नाही. मोटारीत टर्बो आला तेव्हापासून लोक याच्याशीच झगडतायत. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. कॉम्प्रेशन 10.25, म्हणजे सिलिंडरात मिश्रण सव्वादहा पट दाबलं जायचं, वर टर्बो! नॉकिंग थांबवायला त्यांनी गाडीत वेगळी टाकी दिली, त्यात डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल. 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं त्याचं नाव. बूस्ट आला की ते हवेत फवारलं जायचं आणि हवा थंड व्हायची. पण कित्येक मालक टाकी भरायलाच विसरायचे. पुढे 1973 ला बीएमडब्ल्यू 2002 टर्बो आली, त्यांनी कॉम्प्रेशनच 6.9 वर उतरवलं. 1975 च्या पोर्श 911 टर्बोत 6.5. म्हणजे बूस्ट नसताना इंजिन मंद, आणि बूस्ट आला की एकदम धक्का. 1978 ला पोर्शने 3.3 लिटरचं इंजिन दिलं आणि सोबत इंटरकूलर लावला. 260 वरून 300 हॉर्सपॉवर. त्यांना इंटरकूलर लावावासा वाटला, आणि आपल्याकडची मुलं आधी चिप टाकतात, आवाज करणारा व्हॉल्व्ह लावतात आणि इंटरकूलर 'पुढच्या वर्षी'!

त्या व्हॉल्व्हबद्दल बोलतेच. ॲक्सिलरेटर सोडला की पाइपात अडकलेली दाबाची हवा तो बाहेर सोडतो. म्हापशाचा एक मुलगा दर व्हिडिओखाली लिहितो, "फुस्स आवाज का नाही येत?" अरे बाबा, या गाडीत एअर फ्लो मीटर आहे. आत आलेली हवा मोजली जाते, तेवढं पेट्रोल ठरतं. मोजलेली हवा तू बाहेर सोडलीस, तर संगणक पेट्रोल त्या हवेच्या हिशोबानेच देणार. गिअर बदलताना इंजिन अडखळतं, काळा धूर येतो. कंपनीने दिलेला व्हॉल्व्ह ती हवा परत पाइपात सोडतो, ते बरोबर आहे. आवाजासाठी गाडी बिघडवलेली मला बघवत नाही. मनापासून सांगते.

आता माझी गोष्ट. मागच्या मे महिन्यात केरीकडून चोर्ला घाट चढत होते. हा घाट समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटरपर्यंत नेतो. शेजारी मावसभाऊ, मांडीवर लॅपटॉप, केबल गाडीला जोडलेली. खालची वळणं मजेत गेली. मग गाडी जडावली. ॲक्सिलरेटर दाबतेय, बूस्टचा काटा जागेवर आहे, गाडी मात्र ओढत नाही. मावसभाऊ म्हणाला, "ताई, इनटेक 78." बाहेर 35, आणि इंटरकूलरमधून निघालेली हवा 78! लॅपटॉपवर 20 नंबरच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे संगणकाच्या आकड्यांच्या त्या पानावर बघितलं, तर चारही सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सहा-सात अंश मागे आलेलं.

इथे नीट ऐका, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. या इंजिनात नॉक सेन्सर आहेत. नॉकिंग ऐकू आलं की संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद जाते. म्हणजे बूस्ट वाढवून जे कमावलं, ते टायमिंग मागे जाऊन गमावलं. उलट एक्झॉस्ट अजून तापतो. गाडी सुस्त झाली म्हणून आणखी बूस्ट वाढवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला धावायला लावणं. मला एका गॅरेजमध्ये नेमकं तेच सुचवलं होतं: "चिप जुनी झाली, मोठी फाइल (म्हणजे जास्त बूस्टची सेटिंग) टाकूया." मी नाही म्हटलं आणि गाडी घरी आणली.

[चाकाजवळ बसते, कॅमेरा खाली]

हे बघा. पुढचं चाक काढलंय, आतलं प्लास्टिकचं लायनर काढलंय. या कमानीत हा छोटा इंटरकूलर बसतो. त्या दिवशी काढला तेव्हा पात्यांमध्ये लाल माती भरलेली, विटेसारखी घट्ट! आमचा खाणपट्टा. पावसाळ्यात साखळीकडच्या रस्त्यांवर ट्रकमागे चाललात की लाल चिखल उडतो, उन्हाळ्यात तो सुकतो. वर काजूची सुकी पानं. हवा जाणार कुठून? काढून उलट्या बाजूने बागेच्या पाइपने, हलक्या धारेने धुतला. प्रेशर वॉशर अजिबात मारू नका, ही पाती इतकी नाजूक असतात की नखानेही वाकतात. वाकलेली पाती मी दात कोरायच्या काडीने सरळ केली, दोन तास गेले. पुढच्या रविवारी तोच घाट, तशीच दुपार: 54 अंश. टायमिंग दोन अंशांच्या आत. एक रुपयाचा पार्ट नाही घेतला.

आणि समुद्राकाठी राहणाऱ्यांनो, कळंगुट, बागा, कोलवा, तुमच्याकडे मातीपेक्षा खारा वारा. ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी दिसायला लागली तर दुर्लक्ष करू नका.

धुऊन झाल्यावर गळती तपासा. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीची टोपी आणा, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवा, टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पने आवळा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावा, एक बारच्या वर जाऊ नका, सांध्यांवर साबणाचा फेस लावा. माझ्या गाडीत इंटरकूलरच्या खालच्या होजपाशी फेसाचे एवढे बुडबुडे निघाले! हवा गळली की टर्बोला तोच दाब गाठायला जास्त फिरावं लागतं, आणि हवा अजून तापते. परत तापच.

पेट्रोलबद्दल बरंच विचारताय. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता पंपावर आहे. इथेनॉलचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याची ताकद, जास्त, म्हणून "आता बूस्ट वाढवू का?" असं दोघांनी विचारलंय. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त लागतं. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ते जुळवून घेतो. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर जुनी गाडी ठरलेल्या तक्त्यावर चालते, तिथे मिश्रण पातळ पडू शकतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावून बघितल्याशिवाय बूस्टला हात लावू नका. जुने रबरी होजही बदलून घ्या.

कायद्याचं एकदाच सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही. दर बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. इंजिन बदलायचं मनात असेल तर आधी आरटीओ.

चालवताना: टर्बो उशिरा जागा होतो हे धरून चाला. वळणाआधी ब्रेक, वळणाआधीच गिअर, आणि वळणाच्या मध्यापासून पाय हळूहळू दाबत न्या, म्हणजे रस्ता सरळ होताना बूस्ट आलेला असेल. मध्येच एकदम दाबलात तर बूस्ट वळणातच येऊन आदळतो. पावसाळ्यात चोर्ल्यात धुकं आणि ओली पानं असतात. तेव्हा मी या गाडीने जातच नाही.

पुढच्या व्हिडिओत मोठा, समोर बसणारा इंटरकूलर लावणार आहे. बंपरच्या आतली पट्टी थोडी कापावी लागेल, ते सगळं दाखवते. तोवर कमेंटमध्ये बूस्टचा आकडा एकटा टाकू नका. बाहेर किती अंश होते, इनटेक किती अंश, आणि टायमिंग किती मागे गेलं, हे तिन्ही लिहा. मग मी उत्तर देते.