रंगावरून माग

(दृश्य : ९६ खाचांची प्लेट. पिपेटमधून थेंब पडतो, पाण्यासारखा द्रव गुलाबी होत जातो.)

ही ग्रीस चाचणी. आधी फॉस्फोरिक आम्लात विरघळवलेलं १ टक्का सल्फॅनिलमाइड, पाच-दहा मिनिटांनी ०.१ टक्का नॅफ्थिल इथिलिनडायअमाइन, मग ५४० नॅनोमीटरला वाचन. जितकं नायट्राइट, तितका रंग गडद. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल मार्लेटा यांचं नायट्रिक ऑक्साइडवरचं काम असल्याच मोजमापातून सुरू झालं.

(दृश्य : केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. एमआयटी.)

१९८१. स्टीव्हन टॅनेनबॉम यांच्या गटाला नायट्रेटचा जमाखर्च जुळेना. माणूस जेवढं खातो-पितो, त्याहून जास्त लघवीतून बाहेर पडत होतं. आतड्यातल्या जिवाणूंवर संशय घ्यावा, तर जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांचंही तेच. मग हे नायट्रेट बनवतं कोण? १९८५ मध्ये डेनिस स्ट्यूर आणि मार्लेटा यांनी उत्तर दिलं : मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड दिलं, की उंदराच्या या पेशी नायट्राइट आणि नायट्रेट तयार करतात. कच्चा माल आर्जिनिन हे अमिनो आम्ल, हे १९८७ मध्ये कळलं. वाटेत नायट्रिक ऑक्साइड बनतो, हे १९८८ मध्ये.

ग्रीस चाचणीला नायट्रेट दिसत नाही. आधी रिडक्टेज हे एन्झाइम वापरून त्याचं नायट्राइट करावं लागतं, आणि त्यासाठी घातलेला एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) उरला तर रंग दबतो. पेशी वाढवण्याच्या आरपीएमआय १६४० माध्यमात तर लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट मुळातच असतं. पेशींनी काही केलं नाही तरी आकडा येतोच!

(दृश्य : मिशिगन विद्यापीठ. वर्णपटाचा आलेख, ४५० जवळ शिखर.)

१९८७ पासून मार्लेटांचा मुक्काम मिशिगनला. आता प्रश्न नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचा, नायट्रिक ऑक्साइड सिंथेजचा. १९९२ मध्ये किंबर्ली व्हाइट आणि मार्लेटा यांनी क्षपित (इलेक्ट्रॉन दिलेल्या) एन्झाइमला कार्बन मोनॉक्साइड दिला. शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास उमटलं. यकृतातल्या पी-४५० एन्झाइमांची ही ओळखखूण. म्हणजे आत हीम (लोह असलेला घटक) आहे, आणि त्याच्या लोहाला सिस्टिन या अमिनो आम्लाचं गंधक धरून आहे. एका आर्जिनिनमागे ऑक्सिजनचे २ रेणू आणि दीड एनएडीपीएच खर्च होतात. हाती येतात सिट्रुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड.

इथे फसगत होते ती टेट्राहायड्रोबायोप्टेरिनमुळे. हा सहघटक हवेत झपाट्याने खराब होतो. तो नसला तरी एन्झाइम थांबत नाही. इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला जातात आणि सुपरऑक्साइड बनतो. ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच छान उतरताना दिसतो, नायट्रिक ऑक्साइड मात्र नाही. म्हणून नुसता खर्च मोजून भागत नाही, माल किती निघाला तेही मोजावं लागतं.

(दृश्य : हवाबंद पेटी, रबरी हातमोजे, क्युवेट.)

२००१ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली. मधली २०१२ ते २०१४ ही वर्षं स्क्रिप्स या संशोधन संस्थेच्या अध्यक्षपदाची. बर्कलीतला मुख्य विषय ग्वानिलेट सायक्लेज, नायट्रिक ऑक्साइडचा संदेश घेणारं एन्झाइम. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी शेवटी याच दारावर थाप मारते. नायट्रिक ऑक्साइड देणारं डायइथिलअमाइन नोनोएट १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये टिकतं; ७.४ पीएच आणि ३७ अंशांना त्याचं अर्धायुष्य जेमतेम २ मिनिटं. ते एन्झाइमच्या द्रावात पडलं की वर्णपटातलं ४३१ नॅनोमीटरचं शिखर ३९९ला सरकतं : हीममधलं लोह आणि हिस्टिडिन हे अमिनो आम्ल यांच्यातला बंध तुटला. एन्झाइमचा वेग शेकडो पटींनी वाढतो.

पेशीत नायट्रिक ऑक्साइडपेक्षा ऑक्सिजन कितीतरी जास्त, तरी हे हीम त्याला धरत नाही. का? २००५ मध्ये मार्लेटांच्या गटाने जिवाणूंमधल्या नातेवाईक प्रथिनांकडे बोट दाखवलं. ऑक्सिजन धरणाऱ्यांत हीमशेजारी टायरोसिन हे अमिनो आम्ल असतं, सायक्लेजमध्ये नसतं. एन्झाइमच्या तोडलेल्या तुकड्यात १४५व्या जागी टायरोसिन बसवलं, तर तो तुकडा ऑक्सिजन धरू लागला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने अखंड एन्झाइममध्ये हाच बदल करून पाहिला. तिथे ऑक्सिजन टिकला नाही.