आईला आईची सोबत

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. आई, आजी, मावशी, काकू अशा बायकांचे कडे बाळंतिणीभोवती असते. शेक-शेगडी, मालीश, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळे वेळच्या वेळी होते आणि बाळ रडले तर त्याला उचलायला चार हात पुढे येतात. मग ती बाळाला घेऊन सासरी परतते. तिचे घर म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्या असतील आणि नवरा सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतत असेल, तर जिला परवापर्यंत क्षणभराचाही एकांत नव्हता, तिला आता दिवसभर बोलायला मोठे माणूस मिळत नाही. या काळात तिला जिची फार गरज असते आणि जिचा विचार घरात क्वचितच होतो, अशा एका व्यक्तीविषयी मी आज बोलणार आहे. ती म्हणजे तिच्या बाळाएवढेच बाळ कडेवर असलेली मैत्रीण.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु आजीने मुले वाढवली त्याला तीस वर्षे होऊन गेली आणि त्या जागरणांचा शीण तिच्या आठवणीतून पुसला गेला आहे. डॉक्टरांकडचा वेळ बाळाचे वजन आणि लस यांतच संपतो. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करावे आणि बाळाने नाचणीचे सत्त्व चार दिवस सलग थुंकून टाकावे, तेव्हा ते कुणाला सांगायचे? मैत्रीण म्हणते, ‘अगं, माझाही आठवडाभर थुंकत होता, मग मी मऊ भातात वरणाचे पाणी घालून पाहिले.’ तो उपाय लागू पडेल किंवा पडणारही नाही. पण आपलेच काहीतरी चुकते आहे, ही मनाला लागलेली टोचणी त्या एका वाक्याने सैल होते. शिवाय काही गोष्टी अशा असतात, की त्या सासूला सांगता येत नाहीत आणि स्वतःच्या आईलाही सांगवत नाहीत. रात्री तिसऱ्यांदा उठावे लागले तेव्हा बाळाचा राग आला, हे एक आई फक्त दुसऱ्या आईलाच सांगू शकते, कारण त्या दुसरीलाही तो राग आलेला असतो आणि तरीही तिचे बाळावर जिवापाड प्रेम असते.

बायकांनी एकत्र बसून बोलण्याला केवढे बळ असते, याचा एक पुरावा झारखंड आणि ओडिशातून मिळालेला आहे. तेथील प्रामुख्याने आदिवासी वस्तीच्या तीन जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने 2005 ते 2008 या काळात गावोगावी महिलांचे गट चालवले. महिन्यातून एकदा बायका जमत. त्यांच्याच भागातली एक बाई बैठक चालवी. बाळंतपणात आणि बाळाच्या पहिल्या दिवसांत काय अडचणी येतात, यावर गोष्टी, खेळ आणि चित्रांच्या आधाराने चर्चा होई आणि उपाय बायका स्वतःच ठरवीत. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या भागांत गट होते तेथे नवजात बालकांचे मृत्यू इतर भागांच्या तुलनेत 32 टक्क्यांनी कमी होते आणि तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्यही निम्म्याहून कमी आढळले. या बैठका म्हणजे निव्वळ गप्पा नव्हत्या, त्यांना आखणी होती, हे खरे आहे. पण त्या कुणा बाहेरच्या तज्ज्ञाने दिलेल्या शिकवण्याही नव्हत्या; एकीची अडचण दुसरीने ऐकणे आणि दोघींनी मिळून वाट शोधणे, हाच त्यांचा गाभा होता.

म्हणूनच, दोन आया सोसायटीच्या बागेत तासभर बोलत बसल्या की ‘कामधंदा नाही’ असे जे सहज म्हटले जाते, ते मला फार खटकते. त्या तासात त्या बाळाला सांभाळतच असतात, आणि स्वतःलाही सावरत असतात.

या मैत्रीला दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. तुझी अजून पालथी पडत नाही का, माझा तर रांगू लागला, अशी तुलना सुरू झाली की आधाराची जागा धास्ती घेते. प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते आणि शंका वाटलीच तर ती डॉक्टरांना विचारावी. दुसरे पथ्य औषधांचे आहे. एका बाळाला दिलेले औषध, त्याचे थेंब किती हे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून, दुसऱ्या बाळाला कधीही देऊ नये.

मैत्रिणीला एक गोष्ट घरच्यांच्याही आधी दिसू शकते. नेहमी बोलणारी आई गप्प झाली आहे, बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही, सारखे रडू येते आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे, असे जाणवले तर ‘होईल सगळे ठीक’ असे म्हणून थांबू नये. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो.

अशी मैत्रीण भेटावी कुठे, तर ती बहुतेकींना आधीच दिसलेली असते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला लस द्यायची असते आणि लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबायला सांगतात. एकाच सुमारास जन्मलेल्या बाळांच्या आया त्यामुळे एकाच केंद्रावर पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात आणि तो अर्धा तास बहुधा आपापल्या मोबाइलकडे बघण्यात जातो. माझी आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना विनंती आहे, की त्यांनी या आयांना एका बाकावर शेजारी शेजारी बसवावे आणि एकमेकींची नावे सांगून द्यावीत. पहिले वाक्य बोलायचा संकोच बहुतेकींना असतोच. आणि घरातल्या पुरुषांना सांगणे आहे, की पुढच्या वेळी ती ‘जरा खाली जाऊन येते’ म्हणाली, तर ‘किती वेळ लागेल’ हे विचारू नका. बाळ जागे झालेच, तर त्याला घेऊन तुम्हीही खाली जा.

नमस्कार.