देशभक्तीच्या गाण्यात कोरस लागला की गळा का दाटून येतो?

राम राम मंडळी!

२६ जानेवारीला दिवस उगवायच्या आधी ग्रामपंचायतीवरचा भोंगा सुरू होतो आणि झेंडावंदनापर्यंत तीच ती गाणी वाजतात. वर्षानुवर्षं तीच, तरी कोणाला जुनी वाटत नाहीत. चुलीपुढची बाईसुद्धा मागची ओळ म्हणत असते. सिनेमातल्या या गाण्यांत एवढं काय आहे, ते आज बघू.

माझं म्हणणं सरळ आहे. यातली जी गाणी टिकली, ती एका माणसाच्या घरातून, वावरातून निघतात आणि मग ओळ सगळ्यांच्या तोंडी देतात.

'मेरे देश की धरती' घ्या. सिनेमा 'उपकार', १९६७. शास्त्रीजींनी १९६५ मध्ये 'जय जवान, जय किसान' म्हटलं, त्यातून मनोज कुमार यांनी हा सिनेमा उभा केला. शब्द गुलशन बावरा यांचे, संगीत कल्याणजी-आनंदजींचं. महेंद्र कपूर यांना या सिनेमातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाण्यात काय आहे? बैलाच्या गळ्यातले घुंगरू आहेत, रहाटाचा आवाज आहे. ज्यानं पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावली, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कापसाला भाव नाही आणि धरती सोनं उगवते म्हणता? हा प्रश्न खरा आहे, मलाही तो टोचतो. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी तो विचारला. ते म्हणाले, "भाव नाही देला त व्यापाऱ्यानं नाही देला. मातीनं त पिकवलंच ना!" यावर मी काय बोलणार?

आता कोरसकडे येऊ, कारण खरी ताकद तिथं आहे. आपल्याकडे विदर्भात पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, एक जण झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणतो आणि शेवटी सगळं गाव 'हर बोला हर हर महादेव' म्हणून उसळतं. एकानं म्हणायचं, सगळ्यांनी उचलायचं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनातही हेच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये विदर्भातलं चिमूर आणि आष्टी इंग्रजांविरुद्ध पेटलं, तेव्हा महाराजांची भजनं लोकांच्या ओठांवर होती. 'झाड झडूले शस्त्र बनेंगे' असं ते गात होते. तलवार-बंदुकीचं नाव नाही, दारातलं झाड आहे. इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं ते उगाच नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४३ ला, 'किस्मत' सिनेमात कवी प्रदीप यांचं 'दूर हटो ऐ दुनियावालों' आलं. संगीत अनिल विश्वास यांचं. शब्दांत जर्मनी-जपानचं नाव घातलं, म्हणजे सेन्सॉरला वाटावं गाणं त्यांच्याविरुद्ध आहे. थिएटरातल्या माणसाला मात्र रोख कोणावर आहे ते बरोबर कळलं.

आणि मला सगळ्यात जास्त हलवतं ते 'कर चले हम फिदा'. 'हकीकत', १९६४. १९६२ च्या युद्धावरचा सिनेमा, म्हणजे हरलेल्या युद्धावरचा. कैफी आझमींचे शब्द, मदन मोहन यांची चाल, रफीसाहेबांचा आवाज. बोलतोय तो मरणाच्या दारातला जवान. तो रडत नाही, सूड घ्या म्हणून ओरडतही नाही. श्वास तुटत चाललाय, एवढं सांगतो आणि देश 'साथियों'च्या हवाली करतो. हे साथी कोण? पडद्यावरचे तर पडलेले आहेत. राहिलो आपण, ऐकणारे. त्यात मागून कोरस येतो, आणि तो आपल्याच तोंडून आल्यासारखा वाटतो. गळा दाटतो तो इथं.

'बॉर्डर'मधलं १९९७ चं 'संदेसे आते हैं' तर नुसतं घरच्या चिठ्ठ्यांचं गाणं आहे. घरचे विचारतात, कधी येणार? आमच्या गावातल्या एका माउलीचा पोरगा सैन्यात आहे. हे गाणं लागलं की ती शेजारच्या पोरांना म्हणते, "आवाज वाढवा रे." पोरगा सुट्टीवर आलेला असला तरी म्हणते.

अलीकडची पुष्कळ गाणी नुसती ललकारतात. डीजेवर छाती हादरते, पोरं नाचतात, पण दुसऱ्या दिवशी ओळ आठवत नाही. त्यात घर नसतं आणि आपल्याला म्हणायला जागाही नसते.

म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या गुरुजींना आणि मॅडमना माझी विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टला पोरांना रेकॉर्डवर नुसतं नाचवू नका. एका पोरीला ओळ म्हणू द्या, मागची सगळ्या शाळेला उचलू द्या, आणि गावच्या भजन मंडळाकडून एक खंजिरी मागून आणा. व्हिडिओ काढला तर मला नक्की पाठवा, मी चॅनेलवर लावतो.