हिशेबाच्या वहीतून आलेला हुकूमशहा

28 मे 1926 रोजी पोर्तुगालच्या लष्कराने प्रजासत्ताक उलथवले, त्या उठावात कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा आंतोनियु सालाझार कुठेच नव्हता. सोळा वर्षांत चाळीसहून अधिक सरकारे पाहिलेल्या या देशाची तिजोरी रिकामी होती आणि ती भरणे सेनापतींच्या आवाक्यातले नव्हते. 1928 मध्ये त्यांनी सालाझारला अर्थमंत्री केले, तेव्हा त्याने अट घातली, की कोणत्याही खात्याने आपल्या मंजुरीवाचून खर्च करायचा नाही. ती मान्य झाली आणि सत्तांतर खऱ्या अर्थाने तिथेच घडले. 1932 मधले पंतप्रधानपद हा नंतरचा उपचार होता.

करवाढ आणि काटकसर करून त्याने वर्षभरात अंदाजपत्रक शिलकीत आणले. या प्रतिष्ठेच्या बळावर 1933 मध्ये त्याने नवी राज्यघटना जनमतासाठी मांडली आणि जे मतदानाला आलेच नाहीत त्यांचाही होकार गृहीत धरला. घटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य होते, मात्र विशेष कायद्यांच्या चौकटीत. म्हणजे वर्तमानपत्र छपाईला जाण्याआधी सेन्सॉरच्या हाताखालून जाई. पक्ष एकच, राष्ट्रीय संघ. गुप्त पोलीस विरोधकांना पकडत, आणि 1936 पासून केप व्हर्दे बेटांवरची ताराफाल छावणी त्यांच्यासाठी खुली झाली.

राष्ट्राध्यक्षाला पंतप्रधान बडतर्फ करण्याचा अधिकार होता, तो कागदावरच राहिला. 1958 च्या निवडणुकीत जनरल उंबेर्तु देल्गादु याने निवडून आल्यास सालाझारला काढू, असे उघड सांगितले. तो हरल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडण्याची पद्धतच रद्द झाली. 1965 मध्ये गुप्त पोलिसांनी देल्गादुला स्पेनमध्ये गाठून ठार केले.

गोव्याने ही राजवट जवळून अनुभवली. 1946 मध्ये स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या टी. बी. कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा सुनावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. 1951 मध्ये सालाझारने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले, जेणेकरून आपल्याकडे वसाहतीच नाहीत असे जगाला सांगता यावे. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा त्याने गव्हर्नर व्हासालु इ सिल्व्हाला शेवटपर्यंत लढण्याचा आदेश दिला होता. सिल्व्हाने विनाकारण रक्तपात टाळून शरणागती पत्करली, म्हणून त्याला लष्करातून काढण्यात आले. लष्करातले पद त्याला 1974 मध्ये लष्करानेच ही राजवट उलथवल्यानंतर परत मिळाले.